रेम्ब्रांटची कॉपी करतेय, सावल्या वाळल्या की राखाडी पडतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचं म्हणून रेम्ब्रांटचं १६५९ सालचं आत्मचित्र कॉपीला घेतलंय, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं. त्यांच्या संकेतस्थळावर मोठी प्रत फुकट मिळते. मी फक्त डोकं करतेय, मूळ मापात.

उजेडाची बाजू जमतेय. टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, किंचित लाल, आणि रंग जाड लावला की कपाळ पुढे येतं. अडलंय ते सावलीत. रेम्ब्रांट तिथे रंग इतका पातळ ठेवतो की खालचा तपकिरी थर आतून दिसत राहतो. मीही आधी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर दिला, तो वाळल्यावर बर्न्ट अंबर आणि आयव्हरी ब्लॅक. ओला असताना गाल सुरेख खोल जातो. वाळला की तोच भाग मॅट, खडू फासल्यासारखा. कॅनव्हास तयार, अ‍ॅक्रिलिक प्रायमरचा (रंगाखाली दिलेलं अस्तर) आहे. वरच्या थरातलं तेल खाली शोषलं जातंय असा माझा अंदाज.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातली युरोपियन तैलचित्रं बाजूला उभं राहून पाहिली. गडद भागांवरही सगळीकडे सारखी चमक होती. म्हणजे शेवटच्या व्हार्निशने हे आपोआप सुधारतं का? पण त्याला निदान सहा महिने थांबायचं, आणि तोवर या फिक्या पडलेल्या काळ्याशी ताडून पुढचे टोन मिसळायचे, हे मला पटत नाही. सगळे टोन चुकतील.

जवसाचं तेल अगदी कमी चोळून, पुसून, त्यावर ग्लेझ (पातळ, पारदर्शक रंगाचा थर) द्यावा की रिटच व्हार्निश (काम चालू असतानाच देतात ते पातळ व्हार्निश) बरं? तेलाने सावली पुढे पिवळी पडेल ही भीती आहे. शिवाय मुंबईचा पावसाळा. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक मात्र फार रेंगाळतो. या दमट हवेत दोन ग्लेझमध्ये तुम्ही किती थांबता? जे.जे. कलाशाळेत शिकलेल्यांनी जरूर सांगावं.

यानंतर गोव्याचे चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांचं एखादं व्यक्तिचित्र घ्यायचं मनात आहे. त्यांना पूर्वेचे रेम्ब्रांट म्हणत, आणि आपल्याकडची सावळी कांती त्यांच्याकडूनच शिकावी असं मला फार वाटतं. पणजीतला त्यांच्या चित्रांचा संग्रह कुणी जवळून पाहिला असेल, तर सावलीतला रंग पातळ आहे की भरीव, तेवढं कळवा.

फोटो खाली जोडलाय. खिडकीसमोर तिरका धरून काढलाय, म्हणजे मॅट डाग नेमके कुठे आहेत ते दिसेल.