बीआरटी लेनमधून बाईक घातली, चलन आलं, आता काय?

नवा_वाकडकर
नमस्कार मंडळी. सोलापूरहून मे महिन्यात इकडं पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला आलोय, राहायला वाकड आणि कंपनी भोसरीला, म्हणजे रोजचा रस्ता जगताप डेअरी, कोकणे चौक, नाशिक फाटा. परवा सकाळी कोकणे चौकाच्या अलीकडं सगळं जाम, पुढं खडीचा डंपर, आणि शेजारची बीआरटी लेन, म्हणजे फक्त बससाठी राखलेली, मस्त रिकामी. तीन-चार बाईकवाले रेलिंग तुटलंय तिथून आत घुसले, मीपण घुसलो. मागून एक बस हॉर्न वाजवत आली तेवढंच, बाकी ना शिट्टी ना कुणी अडवलं. संध्याकाळी मेसेज, ५०० रुपये! फोटो काढला कुणी? आणि ही लेन २४ तास बसचीच असते का, रात्री अकरानंतर तर तिथं कुत्रं पण नसतं. नगर रोडची बीआरटी काढून टाकली म्हणतात, मग इथंच कशाला ठेवलीय?

चिंचवडचा_बाळ्या
दादा आधी मेसेज खरा आहे का बघ, सध्या व्हॉट्सॲपवर चलनाच्या नावानं एपीके फाईल (मोबाईलवर ॲप बसवणारी) पाठवतात, ती उघडली की खातं साफ. ट्रॅफिक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाक, चलन खरं असेल तर फोटो, वेळ, जागा सगळं दिसेल. फोटोसाठी कॅमेराच लागतो असं नाही, चौकातला ट्रॅफिक पोलीस हातातल्या मशीनवर नंबर प्लेटचा फोटो घेतो, तुला थांबवायची गरजच नाही.

कलम बघितलंस तर बहुतेक मोटार वाहन कायद्याचं ११९ आणि १७७ असेल, म्हणजे रस्त्यावरचा बोर्ड पाळला नाही. पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलास तर १५००. नंबर प्लेट दुसऱ्याचीच असली किंवा जागाच चुकीची दाखवली असली तर ॲपवरच तक्रार टाकता येते, पण "बाकीचे पण गेले" ही तक्रार होत नाही 😄 रात्रीचं म्हणशील तर बोर्डवर वेळ लिहिलेली नसेल तर दिवसरात्र लागू असंच धरून चाल. रेलिंग तुटलंय म्हणून बोर्ड रद्द होत नाही.

स्टेअरिंगवाले_काका
मी बीआरटीवर पाच वर्षं बस चालवली, आता रिटायर. बाळा, तुझ्या मागं हॉर्न वाजवणारा तो बसवाला त्यावेळी काय काय सांभाळत होता ते सांगतो. बीआरटीचे स्टॉप रस्त्याच्या मध्ये, म्हणून या बसला उजवीकडून पण दारं. आपली सीट उजवीकडंच, त्यामुळं फलाटाची कड खिडकीतून दिसते, आणि बस त्या कडेला अशी लावायची की फट वीतभरही राहायला नको, नाहीतर म्हाताऱ्या बाईचा पाय अडकतो. त्या नादात असताना पुढं अचानक बाईक आली तर ब्रेक दाबायचा कसा? आत पन्नास माणसं उभी, सगळी एकमेकांच्या अंगावर. दांडा सुटला की तोंडावरच आपटतात, मी बघितलंय.

त्याहून वाईट म्हणजे रस्ता ओलांडणारे. स्टॉपवर जायचं तर लेन ओलांडावीच लागते, माणूस बस येत नाही ना एवढंच बघतो, बस लांबून दिसते, धडधड ऐकू येते. बाईक दिसेस्तोवर अंगावर. आणि काही शहाणे तर उलट्या दिशेनं येतात, लेन मोकळी आहे म्हणून!

कुणी अडवलं नाही म्हणतोस, तर लेनच्या तोंडाशी गाड्या अडवायला एक वॉर्डन असतो, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून. तो शिट्टी वाजवतो, गाडीवाला त्याच्याकडं बघून हसतो आणि जातो. दंड करायचा अधिकार त्याला नाही, तो पोलिसाचा.

हॅरोतला_कोल्हापूरकर
इथं लंडनमध्ये वॉर्डन वगैरे काही नाही, खांबावर कॅमेरा आणि आठवड्याभरात घरी दंडाचं पाकीट. टीएफएलच्या (लंडनचं वाहतूक खातं) रस्त्यावर १६० पाउंड, १४ दिवसांत भरले तर ८०. मला एकदा बसलाय, डावीकडं वळायच्या नादात लवकर आत शिरलो. पण एक आहे, निळ्या बोर्डवर वेळ स्पष्ट लिहिलेली असते, काही लेन २४ तास, काही नुसत्या सकाळ-संध्याकाळ, बाकी वेळी खुशाल जा. काळ्या टॅक्सीला आणि सायकलला बहुतेक लेनमध्ये परवानगी, उबरवाल्याला नाही. बाईकला पुष्कळ ठिकाणी चालते, सगळीकडं नाही, बोर्ड वाचायचा. इथं बहुतेक लेन नुसता जाड पांढरा पट्टा मारलेली, रेलिंग नाहीच, तरी कुणी घुसत नाही, कारण पाकीट येतंच.

खराडी_बायपास
नगर रोडचं मी सांगतो, मी तिथंच राहतो. २०१६ ला येरवडा ते वाघोली सुरू झाली, मग मेट्रोच्या कामात येरवड्याकडचा तुकडा बंद पडला, जाम वाढला, अपघातांची ओरड झाली, २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं काढली. काढून जाम गेला का? थोडे दिवस बरं वाटलं, मग ती लेनपण गाड्यांनी भरली. पुण्यात बीआरटी २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसरवर आली, तेव्हापासून हेच रडगाणं. माझं मत स्पष्ट आहे, लेन रिकामी दिसते हाच तिचा शाप. दर दोन मिनिटाला बस गेली तर कुणाची घुसायची छाती होणार नाही. आपण लेन बांधतो आणि बस कमी सोडतो, मग गाडीत बसलेल्याला ती फुकट गेलेली जागाच वाटणार ना.

चिंचवडचा_बाळ्या
खराडीवाल्या भाऊंशी अर्धा सहमत. दापोडी-निगडी लेन तर बांधून किती वर्षं नुसती पडून होती, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी २०१८ ला बस धावली. तेवढ्यात लोकांना त्यातून गाडी घालायची सवय लागली, ती सुटेना.

नवा_वाकडकर
भरले ५००. फोटोत माझीच नंबर प्लेट, आणि मागं ती बस पण आलीय, ड्रायव्हरचा हात वर. काका, तुमच्यातलाच कुणीतरी असेल, सॉरी सांगा.
आज परत तोच जाम, १८ मिनिटं एका टेम्पोमागं. शेजारून बस निघाली, खिडकीत आमच्या स्टोअरमधला पोरगा, मला बघून हात केला आणि गेला. वाकडहून भोसरीला नाशिक फाट्याला बस बदलावी लागते की थेट मिळते, कुणी सांगेल का?