शब्दचर्चा: विमान-तिकिटावरचे ‘कार्बन ऑफसेट’ मराठीत कसे लिहावे?

कोरा कागद
विमानाचे तिकीट काढताना पैसे भरण्याआधी एक चौकोन येतो: ‘ऑफसेट युअर फ्लाइट’. त्या पानाचे मराठी करायचे आहे. समोर आलेले पर्याय: कार्बन भरपाई, कार्बन समायोजन, कार्बन संतुलन, कर्ब-प्रतिपूर्ती. जुन्या मसुद्यात तर ‘कार्बनमुक्त प्रवास करा’ असे आहे. ‘ऑफसेट’ तसेच ठेवले तर निम्म्या वाचकांना छापखाना आठवेल. यातले अर्थाला धरून कोणते?

खतावणी
‘कार्बनमुक्त’ आधी काढा. चौकोनावर टिचकी मारली म्हणून इंजिनातून बाहेर पडणारा वायू एक ग्रॅमने कमी होत नाही. दुसरीकडे कुणीतरी तेवढा वायू कमी सोडतो किंवा शोषून घेतो, आणि त्या घटीचे श्रेय (क्रेडिट) तुम्ही विकत घेता. मूळ शब्द जमाखर्चाचा आहे. आपल्याकडे त्याला ‘वळते करणे’ म्हणतात: एका खात्यातले येणे दुसऱ्या खात्यातल्या देण्यापोटी धरणे. अर्थ नेमका बसतो, पण ‘तुमचा कार्बन वळता करा’ हे वाचून लोक पान बंद करतील.

बाकीच्यांचे असे. ‘समायोजन’ म्हटले की अतिरिक्त शिक्षक आठवतात. ‘प्रतिपूर्ती’ वैद्यकीय बिलांची होते. ‘संतुलन’मध्ये बेरीज शून्य झाल्याचा दावा दडलेला आहे, तो धोक्याचा. ‘भरपाई’ चालेल. भरपाई मिळाली म्हणून नुकसान झालेच नाही असे मराठीत कुणी म्हणत नाही, आणि इथे हाच अर्थ हवा आहे.

गवताळ
वनखात्याचा ‘पर्यायी वनीकरण’ (एकीकडे जंगल गेले की दुसरीकडे लावणे) हा शब्द रुळलेला आहे. त्या धर्तीवर ‘पर्यायी कपात’?

खतावणी
‘कपात’ उपयोगी आहे, पण ती वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवा (धावपट्टी सांगतीलच). आणि ‘पर्यायी’ जोडले की एकाच्या जागी दुसरे आले, काम झाले, असा भास होतो. शिवाय पर्यायी वनीकरण कायद्याने लादलेले असते. तिकिटावरचा चौकोन ऐच्छिक आहे.

धावपट्टी
शब्द ठरवण्याआधी कशाची भरपाई हे आकड्यांत पाहू, म्हणजे ‘कपात’ आणि ‘भरपाई’ एकमेकांत मिसळणार नाहीत.

१ किलो जेट इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा गुणक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, वापरते. हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो म्हणून वजन इंधनापेक्षा जास्त. मुंबई-दिल्ली उड्डाणाला १८६ आसनी ए३२० निओसाठी अंदाजे साडेचार टन इंधन धरा. त्याचे १४.२ टन होतात. ८५ टक्के आसने भरलेली असतील तर १५८ प्रवासी, म्हणजे माणशी ९० किलो. श्रेयाचा भाव टनाला ५०० रुपये असेल तर चौकोनात ४५ रुपये दिसायला हवेत. इंधन लिटरमध्ये दिले असेल तर आधी ०.८ ने गुणून किलो करा. हे विसरल्याने आकडा सव्वापट होतो, आणि ही चूक भाषांतरात सर्रास दिसते.

आता ‘कपात’. जमिनीवर एकाच इंजिनावर टॅक्सी करणे, म्हणजे धावपट्टीपर्यंत सरकत जाणे (दोन्ही इंजिनांवर या आकाराचे विमान मिनिटाला दहा-बारा किलो इंधन खाते), फाटकाशी उभे असताना शेपटीतले छोटे इंजिन, म्हणजे एपीयू, बंद ठेवून विमानतळाची वीज घेणे (तासाला शंभर किलोच्या आसपास वाचते), पायऱ्यापायऱ्यांनी न उतरता सलग उतरत येणे. ही खरी उत्सर्जन-कपात. इथे इंधनच जळत नाही, म्हणून कुणाकडून श्रेय विकत घ्यावे लागत नाही.

उलट्या दिशेचा एक शब्दही याच यादीत हवा: ‘टँकरिंग’. विमानाचे इंधन जीएसटीबाहेर आहे आणि मूल्यवर्धित कर राज्याराज्यांत वेगळा. त्यामुळे स्वस्त राज्यात परतीचेही इंधन भरून घेणे कंपनीला परवडते. पण जादा नेलेल्या इंधनातले तासाला साधारण ३ टक्के ते वाहून नेण्यातच जळते. पैसे वाचतात, वायू वाढतो. मराठीत ‘जादा इंधन-भरणा’ म्हणावे.

कोरा कागद
समजले. मग ‘भरपाई’ पक्के करू का? आणि श्रेयपत्र ‘रिटायर’ होते त्याला ‘निवृत्त’ म्हणवत नाही.

खतावणी
‘निवृत्त’ नकोच, श्रेयपत्राला पेन्शन नाही. ‘खर्ची टाकणे’ म्हणा. व्यवहार असा चालतो: एक श्रेय म्हणजे एक टन. व्हेरा, गोल्ड स्टँडर्ड अशा नोंदवह्यांत प्रत्येकाला अनुक्रमांक असतो. हातोहात विकले जात असते तोवर ते ‘चालू’ असते. कुणाच्या तरी नावे खर्ची पडले की त्याची पुढची विक्री बंद. कंपनीने श्रेये नुसती विकत घेतली आणि खर्ची टाकली नाहीत तर भरपाई झालेलीच नाही, ती उद्या दुसऱ्याला विकता येतात. म्हणून पानावर ‘आम्ही श्रेये खरेदी करतो’ असे लिहिले असेल तर थांबा आणि मूळ मजकूर देणाऱ्याला विचारा: खर्ची कोणाच्या नावे, कोणत्या तारखेला, अनुक्रमांक कुठे दिसतात.

आणखी एक जोडशब्द अडेल: ‘कॉरस्पॉन्डिंग ॲडजस्टमेंट’. श्रेय महाराष्ट्रातल्या प्रकल्पाचे असेल आणि भारतानेही तीच घट आपल्या राष्ट्रीय उद्दिष्टात धरली, तर एकच टन दोनदा मोजला जातो. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमानुसार विकणाऱ्या देशाने तेवढी घट आपल्या हिशेबातून वजा करायची असते. त्या नोंदीला मी ‘अनुरूप फेरफार’ म्हणतो. फेरफार झाल्याशिवाय जमीन दोघांना विकता येते, ते महाराष्ट्रात समजावून सांगावे लागत नाही.

गवताळ
‘भरपाई’वर माझा आक्षेप आहे. भरपाईत बरोबरी गृहीत असते: जेवढे गेले तेवढे दिले. बहुतेक श्रेयांत ही बरोबरीच वादात आहे.

पहिला प्रश्न ‘एरवी झाले असते का?’ हा. इंग्रजीत त्याला ‘ॲडिशनॅलिटी’ म्हणतात. ‘अतिरिक्तता’ हे भाषांतर निर्जीव आहे, मी ‘एरवी-कसोटी’ सुचवतो. साताऱ्याचे वनकुसवडे पठार किंवा धुळ्याचा साक्री परिसर घ्या. भारतातल्या पवनचक्क्यांना पूर्वी घसाऱ्याची भरघोस करसवलत मिळत होती. मग श्रेयांचे पैसे आले नसते तर त्या उभ्या राहिल्याच नसत्या का? क्योटो कराराच्या योजनेतल्या भारतीय पवन प्रकल्पांचा अभ्यास झाला आहे. त्यात निदान ५२ टक्के श्रेये एरवीही झाल्या असत्या अशा प्रकल्पांना गेल्याचे निघाले. विजेच्या जाळ्याला जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या अपारंपरिक ऊर्जा-श्रेयांना ऐच्छिक कार्बन-बाजाराच्या सचोटी परिषदेने २०२४ मध्ये आपली मोहर नाकारली, ती याच कसोटीवर.

दुसरा प्रश्न टिकण्याचा. जंगलाचे श्रेय आज विकले आणि उद्या जंगल जळाले तर? म्हणून प्रकल्पांची काही श्रेये राखीव गंगाजळीत ठेवतात. २०२१ मध्ये ओरेगॉनच्या बूटलेग वणव्यात कॅलिफोर्नियाच्या योजनेत नोंदलेले जंगल जळाले, तेव्हा अशाच गंगाजळीवर भार आला. तिसरे म्हणजे ‘लीकेज’: इथली तोड थांबली आणि लाकूडतोड्या शेजारच्या खोऱ्यात गेला. याला ‘गळती’ म्हणू नका, वाचकाला पाइप दिसतो. ‘तोड सरकणे’ स्वच्छ आहे.

म्हणून माझी सूचना ‘वर्गणी’. हवामान-वर्गणी. वर्गणी देणारा अमुक इतके काम झाले असा दावा करत नाही, कामाला हातभार लावतो.

खतावणी
वर्गणी आवडली, पण सरसकट नको. माझी वाटणी अशी: प्रवासाचा टनातला आकडा काढून तितकीच श्रेये खर्ची टाकली जात असतील तर ‘भरपाई’. ४५ रुपयांऐवजी गोल ५० किंवा १०० रुपये घेऊन एखाद्या वृक्षारोपण संस्थेला देत असतील तर ‘वर्गणी’, आणि तिथे ‘भरपाई’ लिहिणे खोटे. झाडे लावा म्हणणाऱ्या चौकोनात विशेष जपा. वायू दोन तासांत सुटतो, रोप तो शोषायला काही दशके घेते, तेही जगले तर. ‘लावलेली’ आणि ‘जगलेली’ हे दोन शब्द त्या पानावर वेगळे दिसले पाहिजेत.

धावपट्टी
कायद्याचे एक. २० मार्च २०२४ रोजी ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या डच विमान कंपनीच्या पर्यावरणविषयक जाहिरातींतले अनेक दावे दिशाभूल करणारे ठरवले. त्यात वनीकरणाच्या भरपाईचे दावेही होते. युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून भरपाईच्या जोरावर उत्पादनाला ‘कार्बन-तटस्थ’ म्हणायला बंदी आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची हरितधूळफेकीविरुद्धची (‘ग्रीनवॉशिंग’, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याचा खोटा आव) मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. त्यांनुसार पर्यावरणाच्या दाव्याला पुरावा द्यावा लागतो. तेव्हा ‘तटस्थ’, ‘निव्वळ शून्य’, ‘हरित उड्डाण’ हे शब्द भाषांतरकाराने आपल्या मनाने घालू नयेत. मूळ इंग्रजीत असतील तर कंपनीला लेखी विचारावे.

‘कोर्सिया’ पानावर येईल. ती इकाओची २०१६ मध्ये ठरलेली उत्सर्जन-भरपाईची योजना. फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांना लागू, मुंबई-दिल्लीला नाही. २०२४ पासून २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५ टक्के ही आधाररेषा धरली आहे, आणि तिच्या वर जे जाईल त्याचीच भरपाई. भारताला २०२७ पासून भरपाई बंधनकारक. ‘कोर्सियामुळे सर्व उत्सर्जनाची भरपाई होते’ असे वाक्य दिसले तर ते चूक आहे. ‘आधाररेषेवरच्या वाढीची भरपाई’ लिहा.

गवताळ
‘सॅफ’ला वृत्तपत्रे ‘शाश्वत विमान इंधन’ म्हणतात. ‘शाश्वत’ म्हणजे कायमचे, न संपणारे. खटकते.

धावपट्टी
खटकते, पण रुळले आहे. शब्द बदलण्यापेक्षा त्याच्या आसपासची वाक्ये तपासा. १९ मे २०२३ रोजी पुणे-दिल्ली प्रवासी विमानात देशी सॅफ मिसळून नेले होते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून केलेले, मिश्रणात १ टक्क्यापर्यंत. विमानाच्या नळीतून बाहेर पडणारा वायू सॅफमुळेही जवळपास तितकाच असतो. बचत आधीच्या टप्प्यात आहे: त्यातला कार्बन उसाने नुकताच हवेतून घेतलेला असतो, जमिनीखालून उपसलेला नसतो. म्हणून ‘धूरविरहित’ चूक, ‘जीवनचक्रातले उत्सर्जन कमी करणारे’ बरोबर. टक्केवारीही नीट वाचा. निव्वळ सॅफने जीवनचक्रात ८० टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते असे म्हणतात, तर १ टक्का मिश्रणाने उड्डाणाची घट फार तर ०.८ टक्का. ‘८० टक्के कमी उत्सर्जनाचे उड्डाण’ असा मथळा झाला की समजा मधला गुणाकार गळला.

भारताचे आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठीचे लक्ष्य २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे आहे. हे लक्ष्य आहे, ‘अंमलात आहे’ असे लिहू नका.

कोरा कागद
शेवटचे एक. ‘कॉन्ट्रेल’? मसुद्यात ‘विमानाचा धूर’ आहे.

गवताळ
आमच्याकडची पोरे ‘रॉकेट गेले’ म्हणतात, ते तुमच्या पानावर चालणार नाही. तो धूर नाही, बर्फाचे स्फटिक आहेत. ‘हिमरेघ’ म्हणावे.

धावपट्टी
हिमरेघ उत्तम, आणि ती वगळू नका. थंड, दमट थरातून विमान गेले की रेघ पसरून पातळ ढग होतो आणि उष्णता अडवतो. हवाई वाहतुकीच्या आजवरच्या तापमानवाढीच्या परिणामातला सुमारे दोन तृतीयांश वाटा कार्बन डायऑक्साइडखेरीजच्या गोष्टींचा आहे, आणि त्यात हिमरेघांचा सर्वांत मोठा. ब्रिटन सरकारचे गुणक त्यासाठी कार्बनच्या आकड्याला १.७ ने गुणायला सांगतात. तसे केले तर वरचे ९० किलो १५३ होतात. बिझनेस आसन असेल तर तेच गुणक लांब पल्ल्याला इकॉनॉमीच्या जवळजवळ तिप्पट धरतात, कारण जागा तेवढी व्यापते. उत्सर्जनाचा आकडा काढणारे बरेच गणक (कॅल्क्युलेटर) यातले काहीच धरत नाहीत. तुमचाही धरत नसेल तर आकड्याच्या शेजारीच, त्याच टाइपात, ‘फक्त कार्बन डायऑक्साइड, हिमरेघा धरलेल्या नाहीत’ असे लिहा. तळटीपेत नको, मोबाइलवर ती दिसत नाही.