पद्मिनी की मारुती ८००: चालवण्यासाठी जुनी गाडी घ्यायची तर कोणती? (मंचावरचा धागा, टोपणनावांनी)

कुर्लेकर: पद्मिनीच. १९६४ची फियाट ११०० डिलाइट, तीच पुढे कुर्ल्यात पद्मिनी नावाने बनत राहिली. बॉनेट उघडलं की डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, पेट्रोल पंप, सगळीकडे हात पोचतो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) घासून त्यांची फट ०.४५ मिमीवर लावा, प्लगची ०.६वर, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

दहाचा पाना: आणि तेच पॉइंट पुन्हा पुन्हा लावत बसा! शिवाय मे महिन्यात घाट चढताना पंपातच पेट्रोलची वाफ होते, गाडी बंद. वजन बघा: पद्मिनी ९०० किलोच्या आसपास, मारुती साधारण ६५०, आणि ताकद दोघींची जवळजवळ सारखी. १०८९ सीसी असून उपयोग काय? ब्रेकही चारही ड्रम.

कुर्लेकर: वाफ धरते त्याला कारण असतं. पंप आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड तुकडा तुटलेला असतो किंवा कुणीतरी काढून टाकलेला असतो. तो नवा बसवा, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या. तुमच्या मारुतीचा रेडिएटरचा पंखा विजेवर. थर्मोस्विच (इंजिन तापलं की पंखा लावणारा) गेला तर पंखा लागतच नाही, इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि त्याखालचं गॅस्केट उडतं.

दहाचा पाना: ते घेतानाच तपासता येतं. इंजिन गरम होईपर्यंत उभ्या जागी चालू ठेवा. पंखा लागला नाही तर स्विच वगळून थेट जोडणी करा. फिरला तर स्विच मेला, नाही फिरला तर फ्यूज किंवा मोटर. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा: टक-टक आवाज आला तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला फिरवणारा सांधा) संपलाय. त्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटून आत धूळ गेली की असं होतं, म्हणून बुटाला पहिली भेग दिसताच ग्रीस भरून तो बदलायचा.

पत्रा आधी: तुम्ही दोघं इंजिनावर भांडताय, पण इंजिन बांधता येतं. कुजलेला पत्रा पैसे खातो. पद्मिनीत दाराखालचे सिल, जॅकची जागा आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे हँगर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मारुतीत पुढच्या स्ट्रटचा (चाकावरच्या शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाचा) माथा आणि बॅटरीखालचा पत्रा. स्ट्रटच्या माथ्याशी गंज असेल तर चाकांची अलाइनमेंट टिकतच नाही. ती गाडी फुकटही घेऊ नका. चुंबक चिकटला नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

दहाचा पाना: हे शंभर टक्के मान्य. पण सुट्या भागांचं काय? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली, तिच्यावर जगणारे मिस्त्री आणि दुकानंही कमी होणार. मारुती ८०० तर २०१४पर्यंत बनत होती.

कुर्लेकर: २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षं झालेली मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. १९७४ची पद्मिनी त्यात बसते, पहिली मारुती २०३३ला.

दहाचा पाना: त्याच नियमात विंटेज गाडी रोज चालवायला बंदी आहे. धागा चालवण्याच्या गाडीचा आहे.