ओमाकासेच्या काउंटरवर निवडीचा हक्क सोडून द्यावा का?

टोकियोकर

नोकरीनिमित्त टोकियोत राहायला लागून मला सात वर्षे झाली. पुण्या-मुंबईहून येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा मला विचारतो, की काय खायचे हे स्वतः न ठरवता सुशीच्या काउंटरवर ३०,००० येन मोजण्यात काही शहाणपणा आहे का? माझे उत्तर होकारार्थी आहे. ज्यांना ते खोडून काढायचे असेल त्यांनी जरूर काढावे.

‘ओमाकासे’ म्हणजे ‘तुमच्यावर सोपवले’. आठ-दहा खुर्च्या, समोर हिनोकी लाकडाची गुळगुळीत फळी, पलीकडे शेफ, आणि एका वेळी एकच निगिरी, म्हणजे हाताने वळलेल्या भाताच्या घासावर ठेवलेला माशाचा तुकडा. मागच्या वर्षी टोकियोच्या गिंझा भागातल्या एका दुकानात मी पहिली निगिरी डाव्या हाताने उचलली. शेफ काही बोलले नाहीत, पण दुसरी निगिरी त्यांनी माझ्यासमोर विरुद्ध बाजूला तिरकी करून, डाव्या हाताला सोयीची पडेल अशी ठेवली. शेजारच्या वृद्ध बाईंच्या निगिरीतला भात तोवर निम्म्यावर आला होता, कारण त्यांचे पोट भरत आल्याचे शेफच्या लक्षात आले होते.

कोहादा नावाचा मासा घ्या. हेरिंगच्या कुळातला, काटेरी, एरवी स्वस्तात मिळणारा. तो चिरून पुस्तकासारखा उघडतात, मीठ लावतात, धुतात आणि व्हिनेगरमध्ये ठेवतात. मीठ किती वेळ आणि व्हिनेगर किती वेळ, हे त्या दिवशीच्या माशाचा आकार आणि त्यातली चरबी पाहून ठरते. हे ज्याच्या बोटांना कळते त्याच्यासमोर बसून ‘मला सॅमन द्या’ म्हणण्यात मला तरी काही हशील दिसत नाही. जुन्या वळणाच्या दुकानात कच्चा सॅमन बहुधा नसतोच, कारण तो सुशीत आला नॉर्वेच्या निर्यातदारांच्या खटपटीने, १९८० च्या दशकानंतर.

हिशेबी

कोहादाबद्दल वाद नाही; वाद आहे तो त्याभोवती उभारलेल्या देव्हाऱ्याबद्दल. निगिरी ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. तिचे श्रेय हानाया योहेई यांना दिले जाते, आणि ती लोकप्रिय झाली ती हातगाड्यांवर. कामावरून परतणारा माणूस उभ्याउभ्या दोन-तीन घास खाई आणि चालू लागे. तो घास आजच्यापेक्षा बराच मोठा असे, आणि कोणता मासा हवा हे तो माणूस बोटाने दाखवीत असे.

याहून बोलका दाखला १९४७ चा आहे. युद्धानंतरच्या टंचाईत उपाहारगृहांवर बंदी आली, तेव्हा टोकियोतल्या सुशीवाल्यांनी तोडगा काढला, की ग्राहकाने घरून एक गो, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम तांदूळ आणावा आणि मजुरी देऊन त्याच्या दहा निगिरी घेऊन जाव्यात. तांदूळ ग्राहकाचा, कसब दुकानदाराचे! त्याच परंपरेतले सुकियाबाशी जिरो हे गिंझाच्या तळघरातले दहा खुर्च्यांचे दुकान २०१९ मध्ये उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशलॅन मार्गदर्शिकेच्या यादीतून गळले, ते चव बिघडली म्हणून नव्हे, तर सामान्य माणसाला तिथे आरक्षणच मिळत नाही म्हणून. ज्या दुकानाचे दार आपल्याला उघडत नाही, त्याच्यावर ‘सोपवण्या’चा प्रश्न येतोच कुठे?

शिवाय या पद्धतीत किती माणसे येणार आणि ती काय खाणार हे दुकानाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे मासा मोजून आणता येतो आणि वाया फारसे काही जात नाही. ही सोय दुकानाची आहे. तिला ग्राहकाचा विश्वास म्हणणे मला पटत नाही.

टोकियोकर

इतिहास मान्य, पण मधला एक टप्पा तुम्ही गाळला. हातगाड्या गेल्यावर काउंटरवर ‘ओकोनोमी’, म्हणजे आपल्या आवडीप्रमाणे एकेक मागवण्याची, पद्धत होती आणि भिंतीवरच्या पाट्यांवर महाग माशांच्या पुढे आकडा नसे, ‘त्या दिवसाचा भाव’ एवढेच लिहिलेले असे. नवख्या माणसाला बिल येईपर्यंत घास गोड लागत नसे. आज आकडा आधी कळतो, बक्षिशी द्यायची नसते, आणि निवड सोडण्याच्या बदल्यात ती धास्ती जाते. सोय दुकानाची आहे हे खरे. ती माझीही आहे.

खाडीकाठची

मी रत्नागिरीची. कोळणीकडून बांगडा घेताना कल्ला उघडून लाल आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पैसे न काढणारी आमची जात, त्यामुळे ‘डोळे झाकून सोपवा’ हे ऐकले की माझा हात आपोआप कल्ल्याकडे जातो. पण गंमत अशी, की काउंटरपलीकडचा शेफही ट्यूनाच्या बाबतीत पुष्कळसा सोपवूनच मोकळा झालेला असतो. टोयोसूच्या बाजारात, म्हणजे २०१८ मध्ये त्सुकिजीतून हलवलेल्या बाजारात, पहाटे लिलावात मासा पारखतो तो मधला व्यापारी, आणि कोणत्या दुकानाला कोणता तुकडा द्यायचा हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो. कल्ला कोणीतरी पाहतोच. तो माणूस आपल्याला दिसत नाही, इतकेच. मला ते खटकते, पण फसवणूक म्हणवत नाही.

वरणभात

आमच्या घरी मासे चालत नाहीत, म्हणून माझा प्रतिसाद आखूड आहे. जिथे सुपाच्या पाण्यातही सुकवलेला बोनिटो मासा असतो आणि अंड्याच्या गोड वडीतही बहुधा मासा किंवा कोळंबी वाटलेली असते, तिथे सगळे सोपवणे म्हणजे शाकाहाऱ्याने उपाशी उठणे. आरक्षणाच्या वेळी सांगून पाहिले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. तो प्रामाणिकपणा मात्र मला आवडला.

हिशेबी

टोकियोकर, दरपत्रकाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तो मान्य करतो. तरी माझा अनुभव सांगतो. एका दुकानात मी नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या पातळ पापुद्र्यात, गुंडाळलेल्या घासाचे छायाचित्र काढत बसलो, तर शेफनी काउंटरवर दोनदा बोट आपटले. नोरी भाताच्या वाफेने अर्ध्या मिनिटात मऊ पडते आणि तिचा कुरकुरीतपणा जातो, हे नंतर कळले. कारण बरोबर होते, पण उरलेल्या बारा घासांत मी शाळेतल्या मुलासारखा अंग चोरून बसलो होतो, आणि त्यांतला एकही आज आठवत नाही. पुढच्या खेपेला मी उभ्याने खायच्या सुशीच्या दुकानात जाईन, चार निगिरी स्वतः मागवीन आणि कोहादा त्यांत असेल.

टोकियोकर

अंग चोरून बसावे लागत असेल तर ते दुकान चुकले, यावर आपले एकमत आहे. कोहादा मात्र तोरोच्या, म्हणजे ट्यूनाच्या पोटाच्या तुकड्याच्या, आधी मागवा. त्या चरबीने जीभ माखली, की व्हिनेगरची धार नीट कळत नाही.