मदत हवी आहे: लॅपटॉपचे पार्ट निवडायलोय, आय७ का आय९? रविवारच्या आत सांगा

उदगीरी_फ्रेम
नमस्कार मंडळी. कंपनीच्या साइटवर पार्ट निवडून लॅपटॉप बनवून घ्यायलोय. प्रोसेसर इंटेलचा आय७-१४७००एचएक्स घेऊ का आय९-१४९००एचएक्स? दोन्हीसोबत एनव्हिडियाचं ५०६० ग्राफिक्स कार्ड आहे. रॅम १६ का ३२? शिवाय एएमडीचा रायझन ७ ७७४५एचएक्स प्रोसेसर आणि ४०६० कार्ड असा एक पर्याय दिसायलाय, तो बराच स्वस्त पडतो. ऑफर रविवारी रात्री संपते. माहीत असणाऱ्यांनीच सांगा. "गूगल करा" म्हणू नका, ते करूनच इथं आलोय.

गोदाकाठ
काम काय? बजेट किती?

उदगीरी_फ्रेम
एडिटिंग. बजेट वाढवता येईल, पण फुकट नाही वाढवणार.

रॅमभरोसे
कशाचं एडिटिंग? पीडीएफचं पण एडिटिंगच असतंय भाऊ. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं?

उदगीरी_फ्रेम
कंपनीचं नाव घेतलं की इथं भांडणं लागतात, मागच्या धाग्यात बघितलंय. पार्टवर बोला. लग्नाचं एडिटिंग, अजून कशाचं असणार.

नांदेडकर_दादा
रायझन घ्या डोळे झाकून. कमी वीज खातं, बॅटरी टिकते, पैसे वाचतात. वाचलेल्या पैशात ३२ रॅम होते. माझ्याकडं रायझनच आहे, काही त्रास नाही.

रॅमभरोसे
दादा, तुम्ही त्यावर काय करता?

नांदेडकर_दादा
टॅली आणि जीएसटीचे रिटर्न. पण प्रोसेसर तो प्रोसेसरच ना.

जुना_मिस्त्री
माझं ऐका, लॅपटॉपच घेऊ नका. ह्याच पैशात डेस्कटॉप दीडपट चालतो. लॅपटॉपचं ४०६० आणि डेस्कटॉपचं ४०६० हे नावानंच सारखं. लॅपटॉपमध्ये त्याच चिपला कंपनीच्या मर्जीप्रमाणं ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वीज मिळते. पातळ बॉडीत घेतलं की चिप झोपलेली. आणि उद्या काही जळलं तर डेस्कटॉपचा तेवढा पार्ट बदलायचा, लॅपटॉपचा मदरबोर्ड म्हणजे निम्मी किंमत.

उदगीरी_फ्रेम
काका, डेस्कटॉप दुकानात आहेच. आजकाल पार्टीला, म्हणजे लग्नवाल्या गिऱ्हाइकाला, रिसेप्शनच्या आत स्टेजमागच्या स्क्रीनवर सकाळच्या हळदीचा आणि अक्षतांचा व्हिडिओ लागतो. मंगल कार्यालयातल्या वरच्या खोलीत बसून कापावा लागतो. तिथं कॅबिनेट डोक्यावर घेऊन जाऊ का?

जुना_मिस्त्री
हे आधी सांगायचं की.

सेलूचा_पाहुणा
मॅकबुक घ्या. विषय संपला.

गोदाकाठ
पाहुणे, सगळ्या धाग्यांवर हेच एक उत्तर चिकटवता तुम्ही. एडिटिंग कशात करतात ते तरी विचारा.

उदगीरी_फ्रेम
मोठी फिल्म एडियसवर, हायलाइट प्रीमिअरवर.

गोदाकाठ
एडियस फक्त विंडोजवर चालतं. पाहुणे, आता संपला विषय.

सेलूचा_पाहुणा
मग एडियस सोडा. दुनिया पुढं गेली.

उदगीरी_फ्रेम
सगळे टेम्पलेट, सगळी टायटलं त्याच्यात आहेत. पोरगा पण त्याच्यावरच शिकलाय. सीझन तोंडावर असताना सोडा म्हणायलेत.

अल्बमवाली_परभणी
दादा, आय७ का आय९ हे नंतर बघू. कॅमेरा कोणता आणि कोणत्या सेटिंगवर शूट करता, हे अजून कुणीच विचारलं नाही. तुमच्या कामात सगळं त्याच्यावर आहे.

उदगीरी_फ्रेम
कॅमेऱ्याचा काय संबंध ताई? लॅपटॉप विचारतोय मी. सोनी ए७ फोर, दोन आहेत. फोर-के, ५० फ्रेम, १०-बिट. प्रीसेट मित्रानं लावून दिलाय, चेहऱ्याचा रंग चांगला येतो.

अल्बमवाली_परभणी
मेनूत ४:२:२ दिसतंय का ४:२:०, म्हणजे रंग किती बारकाईनं साठवतो ते? आणि फाइल एक्सएव्हीसी एस आहे का एक्सएव्हीसी एचएस?

उदगीरी_फ्रेम
बघून सांगतो. कॅमेरा पोराकडं आहे, तो देगलूरला साखरपुड्याला गेलाय.

नांदेडकर_दादा
तोपर्यंत ऑफर जाईल. रायझन घ्या म्हणतो मी.

रॅमभरोसे
रायझनबद्दल एक सांगून ठेवतो, पुढं कुणाच्या तरी कामाला येईल. ७००० च्या मालिकेत नुसता आकडा बघून भुलू नका. तिसरा अंक बघा. ७७३५ मधला ३ म्हणजे जुन्या झेन ३ घराण्यातली चिप, ७७४५ मधला ४ म्हणजे झेन ४. दुकानदार दोन्ही "७००० सिरीज" म्हणून एकाच भावात खपवतो.

नांदेडकर_दादा
मग ७७४५ चांगलंच झालं की. मीच बरोबर.

उदगीरी_फ्रेम
पोरानं मेनूचा फोटो पाठवला. एक्सएव्हीसी एस, ५०पी, २००एम, ४:२:२ १०-बिट. आता सांगा.

अल्बमवाली_परभणी
मग रायझन आणि ४०६० ची जोडी घेऊ नका. कारण सांगते.

तुमच्या फाइली खूप दाबलेल्या असतात. एडिट करताना प्रत्येक फ्रेम उलगडायची म्हणजे दर सेकंदाला मोठं काम. साध्या ४:२:० फाइली उलगडायला ग्राफिक्स चिपमध्ये वेगळा भाग असतो, त्यामुळं टाइमलाइन लोण्यासारखी पळते. ४:२:२ चं तसं नाही. एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांत ४:२:२ उलगडायची सोयच नाही. त्या रायझनमधल्या ग्राफिक्सलाही ती नाही. म्हणजे त्या जोडीत सगळा भार थेट प्रोसेसरच्या कोअरवर येणार. दोन कॅमेरे एकाखाली एक लावून मल्टिकॅम केलं की पंखे बोंबलणार आणि व्हिडिओ अडखळत चालणार.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओ उलगडायचा भाग असतो, क्विक सिंक. त्याला ४:२:२ १०-बिट जमतं, पण फक्त एच.२६५ ह्या फाइल दाबायच्या नव्या पद्धतीत. तुमचं एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४, जुनी पद्धत, तिथं क्विक सिंकचा उपयोग नाही. ५० मालिकेच्या कार्डांत मात्र ४:२:२ चं एच.२६४ आणि एच.२६५ दोन्ही उलगडतं, आणि प्रीमिअरनं २०२५ मध्ये त्याला साथ दिली. तेव्हा तुमच्यासाठी खरी निवड ४०६० का ५०६० ही आहे, आणि तिचं उत्तर ५०६०.

एडियसचा ओढा जुन्या काळापासून क्विक सिंककडं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा. कॅमेऱ्यात जमलं तर एक्सएव्हीसी एचएस लावा. ते एच.२६५, मग इंटेल आणि ५०६० दोन्ही कामाला लागतात. ए७ फोरवर पाल सिस्टीममध्ये एचएस फोर-केला ५०पी मिळतं, तुम्ही तेच शूट करता. एक लग्न तसं शूट करून बघा, मग ठरवा.

गोदाकाठ
ताई, हे दोन दिवस आधी का नाही सांगितलं?

अल्बमवाली_परभणी
दोन दिवस आधी "लग्नाचं एडिटिंग, अजून कशाचं असणार" एवढंच कळलं होतं.

जुना_मिस्त्री
एवढं सगळं करण्यापेक्षा प्रॉक्सी बनवा. घरी आलं की रात्रभर हलक्या कॉप्या बनायला लावायच्या, सकाळी त्यावर कापायचं. सहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर पण फोर-के पळतंय. नवीन घ्यायचीच गरज नाही.

उदगीरी_फ्रेम
काका, दुपारी साडेबाराला अक्षता आणि सातला स्क्रीन. त्यात रात्र कुठं बसवू?

जुना_मिस्त्री
बरं राहिलं.

रॅमभरोसे
आता आय७ का आय९ वर. १४७००एचएक्स मध्ये २० कोअर, १४९००एचएक्स मध्ये २४. ऐकायला मोठा फरक, पण दोन्हीत दमदार कोअर ८ च. आय९ मध्ये जास्तीचे ४ आहेत ते छोटे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीवर पत्रा, तिथं आय९ तापून स्वतःच वेग कमी करणार. आय७ घ्या आणि उरलेले पैसे रॅममध्ये घाला.

नांदेडकर_दादा
रॅम कंपनीकडून कशाला? १६ वर मागवा, बाहेरून १६ टाका. सगळे तेच करतात.

रॅमभरोसे
एरवी मीही तेच सांगितलं असतं. पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, सगळा माल एआयच्या सर्व्हरकडं चाललाय. साइटवर १६ ते ३२ चा फरक किती दाखवतंय आणि बाजारात सुटी डीडीआर५ लॅपटॉप रॅम कितीला आहे, दोन्ही आकडे समोर ठेवा. ह्या घडीला कंपनीचाच दर बरा निघू शकतो. दुसरं, १६ म्हणजे दोन स्लॉटमध्ये ८-८ का एकातच १६, ते विचारा. ८-८ असेल तर पुढं वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतील. आणि एलपीडीडीआर लिहिलेलं असलं तर ती बोर्डाला चिकटवलेली, जन्मात वाढणार नाही.

उदगीरी_फ्रेम
डीडीआर५ ५६००, स्लॉट दोन. फरक बाजारापेक्षा थोडा कमीच पडायलाय. ३२ करतो. एसएसडी १ टीबी बस झाली ना?

अल्बमवाली_परभणी
तुम्हीच हिशोब करा. २०० मेगाबिट म्हणजे तासाला ९० जीबी. दोन कॅमेऱ्यांचं मिळून पाच तासांचं फुटेज झालं तर ४५० जीबी. एका लग्नात निम्मी डिस्क गेली, विंडोज आणि सॉफ्टवेअर वेगळं. एसएसडी बसवायचा दुसरा एम.२ स्लॉट आहे का बघा. असेल तर १ टीबीवर मागवा, दुसरी एसएसडी नंतर. पण स्लॉट २२८० लांबीचा का २२४२ चा, ते आधी विचारा. चुकीची आणली की बसत नाही.

आणि स्क्रीन? तुम्ही स्क्रीनचं काहीच लिहिलं नाही.

उदगीरी_फ्रेम
स्क्रीन आहे ती आहे. त्यात काय निवडायचं? दोन दाखवायलेत, एक ४५ टक्के एनटीएससी, एक १०० टक्के एसआरजीबी. दुसरीला जास्त पैसे.

अल्बमवाली_परभणी
दादा!! हे आकडे स्क्रीन किती रंग दाखवते त्याचे. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या दोन तृतीयांशाच्याही आत. शालूचा लाल आणि हळदीचा पिवळा त्या स्क्रीनवर कधी खरा दिसणारच नाही. तुम्ही रंग वाढवत बसणार आणि मोठ्या स्क्रीनवर नवरीचं तोंड केशरी. आय९ चे पैसे वाचलेत ते इथं घाला.

सेलूचा_पाहुणा
मॅकमध्ये स्क्रीन आधीपासूनच चांगली असते.

गोदाकाठ
पाहुणे, चहा घ्या.

नांदेडकर_दादा
विंडोज काढून टाका ऑर्डरमधून, तेवढे पैसे वाचतात. टाकून देणारे गल्लोगल्ली आहेत.

गोदाकाठ
धंद्याच्या मशीनवर चोरीचं विंडोज घालायचं, वर त्याच मशीनवर जीएसटीची रिटर्न भरायची. छान.

नांदेडकर_दादा
बरं, जीएसटीवरून आठवलं. बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर घाला भाऊ, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं.

रॅमभरोसे
छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन स्कीममध्ये असतील तर नाही मिळत.

नांदेडकर_दादा
स्टुडिओवाले कंपोझिशनमध्ये कशाला असतील?

उदगीरी_फ्रेम
आहे कंपोझिशनमध्ये. आता त्यावर नका सुरू होऊ.

जुना_मिस्त्री
उदगीरहून हैदराबाद जवळ. सिकंदराबादला सीटीसी ह्या कॉम्प्युटर मार्केटला एक चक्कर मारा, समोर उघडून दाखवतात, भाव करता येतो. ऑनलाइन काय, डबा येतो.

उदगीरी_फ्रेम
पार्ट निवडलेला माल तिथं तयार कुठं मिळतो काका? त्यांच्याकडं जे आहे ते घ्या म्हणतात. शिवाय इथं वॉरंटीचा माणूस घरी येतो का, तेच बघायचंय मला.

गोदाकाठ
ते पैसे भरायच्या आधी बघा. ऑनसाइट लिहिलेलं असतं, पण आपल्या पिनकोडला माणूस येतो का मशीन लातूरला नाहीतर संभाजीनगरला नेऊन द्यावं लागतं, हे चॅटवर लेखी घ्या. रॅम-एसएसडी स्वतः बदलली तर वॉरंटी चालू राहते का, तेही त्याच चॅटमध्ये विचारा. फोनवर काय बोलले ते नंतर कुणाला आठवत नाही.

देवणीचा_गडी
यंदा ज्येष्ठ अधिक आहे. १७ मे ते १५ जून धोंड्याचा महिना, लग्नं बंद. तेव्हा निवांत घ्या की. सासरवाडीला धोंडे जेवायला जाताना मागून घ्या, जावयाला नाही म्हणत नाहीत.

उदगीरी_फ्रेम
तो महिना बंद म्हणूनच त्याच्या आधी सगळ्या तारखा कोंबल्यात भाऊ. एप्रिलमध्ये एका दिवशी दोन-दोन पार्ट्या आहेत. आणि सासऱ्यांनी मागच्या अधिकात चांदीचं ताट दिलं, आता लॅपटॉप मागितला तर ताट परत मागतील.

देवणीचा_गडी
😂 ताट विकून रॅम घ्या.

उदगीरी_फ्रेम
चॅटवर विचारलं. उदगीरला माणूस येतो म्हणाले, स्क्रीनशॉट ठेवलाय. दुसरा स्लॉट आहे, २२८० चा. ऑर्डर टाकली: आय७-१४७००एचएक्स, ५०६०, ३२ रॅम, १ टीबी, १०० टक्के एसआरजीबीची स्क्रीन, विंडोज ११ सकट. आय९ पेक्षा थोडेच पैसे जास्त गेले. ताई, रॅमभरोसे, आभारी आहे. मशीन आल्यावर आधी काय बघू?

अल्बमवाली_परभणी
ग्राफिक्सची सेटिंग बघा. "फक्त मोठं कार्ड" असा मोड असतो, गेम खेळणारे तो लावतात. त्यात इंटेलचं ग्राफिक्स बंद पडतं, त्यासोबत क्विक सिंक पण, आणि एडियस रांगायला लागतं. मोड हायब्रिड ठेवा. मग टास्क मॅनेजर उघडून ४:२:२ ची फाइल चालवा, ग्राफिक्सच्या पानावर "व्हिडिओ डिकोड"चा आलेख हलतोय का बघा. आलेख सपाट आणि प्रोसेसर ९० टक्क्यांवर असेल तर इथं लिहा.

जुना_मिस्त्री
आणि कार्यालयात चार्जर लावूनच काम करा. बॅटरीवर हे कार्ड निम्म्यानं पण पळत नाही. जनरेटरवर गेलं की आधी प्लग काढायचा, लाइट स्थिर झाली की लावायचा.

नांदेडकर_दादा
जुना लॅपटॉप विकायचाय का भाऊ? टॅलीपुरता चालला तरी बस.

उदगीरी_फ्रेम
आहे, पण त्याची स्क्रीन ४५ टक्क्यांची आहे दादा.

नांदेडकर_दादा
टॅलीत कुठं नवरी असते. भाव सांगा.