ल्वार खोऱ्यातले शातो, गाडी न घेता: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

मेघना (सी ५०३): नमस्कार मंडळी 🙏 मेच्या सुट्टीत फ्रान्सचं ठरतंय. पॅरिस झालं की तीन रात्री ल्वार खोऱ्यात, शातो म्हणजे तिथले जुने राजवाडे बघायला. आम्ही सहा जण: आम्ही दोघं, सासू-सासरे, मुलं १५ आणि ९ वर्षांची. ह्यांना रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची नाहीये, आणि सहा जणांना सात सीटर लागणार ते वेगळंच. जो तो म्हणतो, गाडीशिवाय तिकडे जाऊ नका. खरंच ट्रेन-बसने जमणार नाही का?

प्रशांत (ए २०१): जमतं. फक्त गाडीवाल्यांची यादी उचलून आपली म्हणायची नाही. स्टेशनवर उतरून सरळ पायी जाता येतं ते चार: ब्ल्वा, आंब्वाझ, शनाँसो, लाँझे. थोडी तंगडतोड करायची तयारी असेल तर आझे-ल-रिदो, स्टेशनपासून साधारण २ किमी. शोमाँसाठी ओंझँ स्टेशनला उतरून ल्वारवरचा पूल ओलांडायचा. शाँबोर, शव्हेर्नी, व्हिलाँद्री यांना बस किंवा टॅक्सीच. उस्सेचं नाव काढू नका.

मेघना: शाँबोर तर हवंच. मुलांना तो दुहेरी जिना बघायचाय.

देशपांडे काका (बी १०४): मग आधी शाँबोरचा दिवस पक्का कर, बाकीचे दिवस त्याच्या भोवती लाव. उलटं करू नकोस. कारण सांगतो.

शाँबोरला स्टेशन नाही. ब्ल्वा स्टेशनचं अधिकृत नाव 'ब्ल्वा-शाँबोर' आहे, त्यामुळे लोकांना वाटतं उतरलं की समोर शातो. प्रत्यक्षात अंतर १५ किमीच्या वर. ब्ल्वा स्टेशनसमोरून हंगामात (साधारण एप्रिल ते नोव्हेंबरची सुरुवात) शातोंची शटल बस सुटते. ब्ल्वा, शाँबोर, शव्हेर्नी, बोरगार आणि परत ब्ल्वा असा तिचा फेरा. तिकीट अगदी किरकोळ. पण ती दिवसातून मोजक्याच वेळा असते, आणि फ्रेंच शाळांची सुट्टी नसेल तर ठरावीक वारीच धावते. ब्ल्वा आणि तूर शाळांच्या सुट्ट्यांच्या 'झोन बी'मध्ये येतात. तुमच्या तारखा झोन बीच्या सुट्टीत पडतात का ते आजच बघ, कारण झोन बीची वसंताची सुट्टी कधी मेच्या तोंडावरच संपते.

वेळापत्रक हातात आलं की पहिली बस बघायची नाही, शेवटची परतीची बघायची. तिच्या आधीची एक बस आपली समजायची. शेवटची हुकली तर शाँबोरच्या आवारात रिक्षा उभी नसते.

सोमण काकू (बी ३०२): आवारात चालणं किती पडतं हो? मेघनाच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं काय?

देशपांडे काका: शाँबोरचं आवार म्हणजे ५,४४० हेक्टरचं जंगल, ३२ किमीच्या भिंतीत. ते कोणी फिरत नाही. बसथांब्यापासून शातोपर्यंतचं अंतर सपाट आहे. आत मात्र जिनेच जिने, ७७ आहेत म्हणतात. सासूबाईंनी मधल्या दुहेरी जिन्याने सावकाश एकदा वर जावं, गच्चीवरची धुराडी बघावीत आणि उतरावं. एका जिन्याने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना झरोक्यांतून दिसतात, पण वाटेत कुठेही समोरासमोर येत नाहीत. मुलांना दोन बाजूंनी सोडा, तेच तासभर खेळतील. पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये बांधकाम काढलं, ४४० खोल्या बांधल्या, आणि राहिला जेमतेम काही आठवडे. त्यामुळे खोल्या बऱ्याच रिकाम्या आहेत. सजलेलं घर बघायचं असेल तर शव्हेर्नी बघा. ते आजही खासगी कुटुंबाच्या ताब्यात आहे. टिनटिनमधल्या कॅप्टन हॅडॉकचा वाडा शव्हेर्नीवरूनच काढलाय, फक्त दोन टोकांचे मनोरे वगळून.

अडीच ते तीन तास शाँबोर, दीड ते दोन तास शव्हेर्नी. बोरगारला उतरू नका. एका दिवसात तीन शातो केले की तिसऱ्यात सगळे बाक शोधत फिरतात.

ॲडमिन: उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ करायची आहे, पाणी बंद. कृपया भरून ठेवा.

सानिका (सी ७०१): मेघनाताई, मुक्काम तूरला कर. शाँबोर एकटंच बघायचं असतं तर ब्ल्वा सोयीचं. पण तीन रात्री आहेत आणि तूरहून गाड्या चारी दिशांना सुटतात. ब्ल्वा साधारण ४० मिनिटं, आंब्वाझ २०, लाँझे २०, शनाँसो अर्धा तास. आंब्वाझ गाव जास्त गोड आहे, पण संध्याकाळी जेवायला पर्याय कमी, आणि शनाँसोची ट्रेन तिथून सुटतच नाही.

मेघना: आंब्वाझ आणि शनाँसो नकाशात शेजारी दिसतायत ना?

सानिका: रस्त्याने १२-१४ किमी. पण एक ल्वारवर, दुसरं शेर नदीवर. रेल्वेमार्ग दोन वेगळे, दोन्ही तूरजवळच्या साँ-पिएर-दे-कोर स्टेशनला येऊन मिळतात. म्हणजे ट्रेनने आधी मागे, मग पुढे. मधली बस आहे, पण दिवसाला मोजक्याच फेऱ्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी तिच्या भरवशावर अजिबात राहू नकोस.

प्रशांत: पॅरिस-तूर तिकीट काढताना दोन गोष्टी. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनहून सुटणाऱ्या बऱ्याचशा टीजीव्ही (वेगवान गाड्या) तूर गावात शिरत नाहीत, साँ-पिएर-दे-कोरला थांबून पुढे जातात. तासाभराचा प्रवास. तिथून तूरला पाच मिनिटांची शटल ट्रेन. तिकिटावर शेवटचं स्टेशन 'तूर' टाकलं की शटल त्यातच येते, वेगळं काढावं लागत नाही. 'साँ-पिएर'चं तिकीट स्वस्त दिसतं म्हणून तेवढंच घेऊ नका. सामान घेऊन गाडी बदलायला दहाएक मिनिटं असतील तर पुरे.

दुसरं म्हणजे टीजीव्हीचं भाडं विमानासारखं चढत जातं, तारीख खुली झाली की लगेच घ्या. उलट तूरहून रोज फिरायच्या रेमीच्या (तिथल्या प्रादेशिक ट्रेन-बस सेवेच्या) लोकल गाड्यांना आरक्षण नसतं. तिथे आधी काढून फायदा नाही, सकाळी मशिनवर किंवा फ्रेंच रेल्वेच्या ॲपवर काढा. चार वर्षांखालचं मूल फुकट, ४ ते ११ ला सवलत. धाकट्याला मिळेल, थोरल्याला नाही.

टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. सहा जणांनी सहा दिशांनी कॉफी आणायला जाऊ नये. 😄 प्रत्येक बॅगेला नावाची चिठ्ठी लागते, तीही लावा.

मेघना: एअरपोर्टवरून थेट जाता येतं असं ऐकलं. मग पॅरिस शेवटी ठेवू?

प्रशांत: शार्ल द गोलच्या टर्मिनल २ खालूनच टीजीव्ही सुटते, साँ-पिएर-दे-कोरला थेट जाणाऱ्याही आहेत. पॅरिस ओलांडून सामान ओढायचा त्रास वाचतो. पण दिवसाला थोड्याच. विमान उतरणं आणि ट्रेन यात तीन तास तरी सोडा. विमानाला उशीर झाला तर स्वस्तातलं तिकीट वाया जाऊ शकतं.

सानिका: शनाँसोबद्दल लिहिते, कारण गाडीशिवाय जाणाऱ्याला इतका सोपा शातो दुसरा नाही. स्टेशनवरून उतरलं की रूळ ओलांडून थेट प्रवेशद्वार, मग मोठ्या झाडांच्या रांगेतून सरळ सपाट रस्ता. काकूंचा प्रश्न इथे मिटला. अडचण एकच, गाड्या कमी आणि दोन गाड्यांत कधी कधी तासन्‌तासांचं अंतर. म्हणून सकाळची ट्रेन धरताना परतीची ठरवूनच निघायचं आणि परतीचं तिकीट तूरलाच काढायचं. तिथे तिकीट खिडकी नाही असंच धरून चाल.

आत तीन तास मजेत जातात. नदीवरचा लांब दिवाणखाना तर आहेच, पण खाली उतरून स्वयंपाकघर चुकवू नका, ते पुलाच्या खांबांच्या पोटात आहे. पहिल्या महायुद्धात त्या दिवाणखान्यात जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. दुसऱ्यात शेर नदी हीच सीमारेषा होती, पुढचं दार जर्मनांच्या हद्दीत आणि पलीकडच्या काठाचं दार मुक्त भागात. थोरल्याला हे सांग, त्याला जिन्यांपेक्षा हे आवडेल.

सोमण काकू: आणि खायचं काय? आम्ही शाकाहारी म्हटलं की तिकडे सॅलड देतात म्हणे.

सानिका: काकू, सगळ्यात महत्त्वाचं घड्याळ. दुपारचं जेवण १२ ते २. दोन वाजता स्वयंपाकघर बंद, मग सातपर्यंत काही नाही. अडीचला पोचून 'काहीही चालेल' म्हटलं तरी मिळत नाही. बेकरी हा आधार, पण 'किश' मागताना आत काय आहे ते विचारा, बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'रियेत' ही इकडची खासियतही डुकराचीच, ब्रेडवर लावून चव बघायला देतात तेव्हा सावध. तूर-सोम्यूर भागात 'फुए' मिळतो, भट्टीतला गरम फुगलेला पाव. तो लसणीचं लोणी किंवा मशरूम घालून मागा. साँत-मोर हे बकरीच्या दुधाचं चीज, आत गवताची काडी असते. कडक शाकाहारी असाल तर टाळा, दूध घट्ट करायला प्राण्यांचं रेनेट वापरतात.

सरळ थेपले नेले तरी चालतात. शनाँसोला बागेत नाही, बाहेर पार्किंगच्या बाजूला बसून खायची सोय आहे.

मेघना: 😂 थेपले ठरले. तिकिटांचं काय, सहा जणांचं बजेट करायचंय.

देशपांडे काका: मालक कोण यावर मुलांचं तिकीट ठरतं. शाँबोर आणि आझे-ल-रिदो सरकारी, १८ वर्षांखालच्यांना फुकट. मुलांचे पासपोर्ट किंवा त्यांचा फोटो जवळ ठेवा. शनाँसो, शव्हेर्नी, क्लो ल्यूसे (आंब्वाझमधलं लिओनार्दो दा विंचीचं घर) आणि आंब्वाझचा राजवाडा सरकारी नाहीत, तिथे दोन्ही मुलांचं तिकीट पडेल, सवलतीत. २०२६ पासून शाँबोरला युरोपबाहेरच्या प्रौढांना जास्त दर लावलाय, लूव्र आणि व्हर्सायसारखाच. जुने आकडे कुठे वाचले असतील तर बजेटमध्ये धरू नकोस.

आणि १ मे! आपल्याकडे महाराष्ट्र दिन, तिकडे सगळ्यात कडक सुट्टी. आझे-ल-रिदो त्या दिवशी बंद, बस जवळपास बंदच धरा. शनाँसो वर्षाचे सगळे दिवस उघडं असतं, पण पोचायचं कसं हा प्रश्न. तो दिवस मुक्कामाच्या गावात पायी फिरण्यात घालवा. ८ मेलाही सुट्टी असते, त्या दिवशी वेळापत्रक रविवारचं.

मेघना: आणि टॅक्सी? अडल्यावर ऊबर मिळेल ना?

प्रशांत: तूरमध्ये कदाचित. शाँबोरला किंवा शनाँसोला ऊबर शोधत बसू नका. टॅक्सी आदल्या दिवशी हॉटेलकडून सांगून ठेवायची. मीटरचे चार दर असतात. तुम्हाला सोडून ती रिकामी परतणार असेल तर किलोमीटरचा दर जास्त, आपल्या रिक्षाच्या हाफ रिटर्नसारखा. रात्री आणि रविवारी आणखी जास्त. त्यामुळे एकेरी जाण्यापेक्षा 'सोडून, थांबून, परत आणा' असा भाव विचारला तर कधी कधी फारसा फरक पडत नाही. आणि साध्या टॅक्सीत चारच बसतात. तुम्ही सहा, म्हणजे व्हॅन हवी.

म्हणूनच तुम्हाला मिनीव्हॅनची सहल परवडू शकते. तूर स्टेशनजवळच्या पर्यटन कार्यालयाजवळून अर्ध्या आणि पूर्ण दिवसाच्या सहली निघतात, गाडीत आठ जागा. सहा तुम्हीच, मग खासगी व्हॅनचा भाव आणि सहा सुट्या जागांचा भाव दोन्ही विचारा. प्रवेश तिकीट बहुधा त्यात नसतं, आधीच विचारून घ्या. ही एकच दुपार व्हिलाँद्री आणि आझेला द्या. बसने हे दोन्ही एका दिवसात जुळवणं म्हणजे डोकेदुखी.

सानिका: व्हिलाँद्री सायकलनेही होतं, तूरहून नदीकाठचा सपाट सायकलमार्ग, जेमतेम २० किमी. पण आजी-आजोबांसह नको. 🙂

आंब्वाझचं राहिलं. स्टेशन नदीच्या अलीकडे, गाव पलीकडे, बेटावरून जाणारा पूल ओलांडून १५-२० मिनिटं. मग आधी क्लो ल्यूसे करा, नंतर राजवाडा. लिओनार्दो दा विंची क्लो ल्यूसेमध्येच २ मे १५१९ रोजी वारला, थडगं राजवाड्याच्या आवारातल्या छोट्या चॅपेलमध्ये. क्लो ल्यूसेच्या बागेत त्याच्या यंत्रांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत, काही हाताने फिरवता येतात. नऊ वर्षांच्या मुलाला तिथून हलवणं कठीण, म्हणून वेळ तिथे जास्त ठेव.

मेघना: म्हणजे असं: पहिला दिवस पोचून संध्याकाळी तूर. दुसरा दिवस शाँबोर-शव्हेर्नी. तिसरा सकाळी शनाँसो, दुपारी व्हॅन. चौथा आंब्वाझ करून पॅरिस?

देशपांडे काका: तिसऱ्या दिवशी शनाँसो आणि व्हॅन एकत्र नको, ट्रेन चुकली तर व्हॅनही गेली. पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत पोचत असाल तर लाँझे करा, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, आटोपशीर. तिसरा पूर्ण शनाँसोला. चौथ्याला आंब्वाझ किंवा व्हॅन, दोन्ही नाही. आंब्वाझ घेतलं तर मोठं सामान तूरला हॉटेलातच ठेवा आणि परत येऊन न्या.

मेघना: गूगलवर बसच्या वेळा दिसतायत, त्या बरोबर असतात का?

प्रशांत: अर्धवट असतात. त्या प्रदेशाचं स्वतःचं प्रवास-नियोजक संकेतस्थळ आहे, जेव्ही-मालँ, त्यात रेमीच्या ट्रेन, बस आणि शहरबस एकत्र दिसतात. तारीख टाकूनच बघा. बऱ्याच बस फक्त शाळेच्या दिवशी धावतात, आणि तळटीप न वाचता थांब्यावर उभं राहिलं की तासभर नुसती शेतं बघायची. ट्रेनच्या वेळापत्रकात मध्येच बसचं चिन्ह असेल तर ती रेल्वेचीच बस, प्लॅटफॉर्मवरून नाही, स्टेशनबाहेरून सुटते. त्यात तेच तिकीट चालतं.

सोमण काकू: आणि संप झाला तर? तिकडे रोज संप असतो म्हणतात.

प्रशांत: रोज नाही. पण झालाच तर कुठल्या गाड्या धावणार हे २४ तास आधी जाहीर करणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून रोज संध्याकाळी सहानंतर उद्याची गाडी ॲपवर एकदा बघून झोपायचं. टीजीव्ही रद्द झाली तर पैसे परत मिळतात. मेघना, आज रात्री एवढंच कर: शाँबोरच्या शटल बसचं वेळापत्रक उघड, तुमच्या तीनपैकी कुठल्या दिवशी ती धावते ते इथे टाक. मग तूरच्या हॉटेलच्या तारखा ठरवू, टीजीव्ही त्यानंतर.