बहिणीच्या लग्नाची पंगत आपल्याच भागातल्या मालावर करायची आहे, मार्चमध्ये काय काय मिळेल?

वणाकाठ (समुद्रपूर, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली, आता घरात एकच विषय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. मांडव घरासमोरच, सहाशेच्या आसपास पान होईल.

केटरिंगवाल्यानं यादी पाठवली. पनीरची भाजी, मंचुरियन, फ्रोझन मटारचा पुलाव, आल्यागेल्याला बाटलीतलं रंगीत शरबत. यादी वाचून मला खरंच वाईट वाटलं. आमच्या धुऱ्याला धुरा लागून ज्यांचं वावर आहे त्या काकांची भरताची वांगी मार्चमध्ये ऐन तोडणीला असतात. ते पहाटे पोतं भरून हिंगणघाटला नेतात, हमाली-तोलाई-गाडीभाडं देऊन जे उरतं ते घेऊन दुपारी परत येतात. त्याच दिवशी त्यांच्याच पुतणीसारख्या पोरीच्या लग्नात लोक दुरून आलेलं पनीर खाणार? लग्न म्हणजे गावातली वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी. तो पैसा गावातल्या हातांना मिळाला पाहिजे, हे मी घरात स्पष्ट सांगितलं आहे. बहीण माझ्या बाजूनं आहे. तिची एकच अट, आल्या माणसाला बाटली नको, संत्रं पाहिजे.

जे जमलं ते सांगतो. तूर घरची आहे, जानेवारीत निघेल, वाळवून डाळ मिलवर भरडून घेऊ. गहू मागच्या सालचा कोठीत आहे. कोहळी (लाल भोपळे) दोन घरी आतापासून छपरावर ठेवलेली आहेत, ती मार्चपर्यंत आरामात टिकतात. हळदीची तर चिंताच नाही. वायगाव (हळद्या) आमच्याच तालुक्यात, तिथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मसाल्याची हळद तिथलीच, आणि बहिणीच्या अंगाला लावायची हळदही तिथल्याच ओल्या गाठी वाटून करायची असं आईनं ठरवलं आहे. त्या सुमारास वायगावात नवी हळद खणून उकडायचं काम चालू असतं, सगळ्या गावाला तो वास असतो.

आता अडतं कुठे ते सांगतो. सांबार (कोथिंबीर) आणि मेथी मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोवळी हातात यायची तर पेरायची कधी? थंडी लवकर ओसरली तर सांबार फुलावर जातो. संत्री कुठून आणि कशी द्यायची? आमच्या तालुक्यात धान नाही म्हटलं तरी चालेल, मग भाताचं काय करावं? आणि भाव कसा ठरवावा? ओळखीच्या माणसाशी भाव बोलायला दोघांनाही अवघड जातं.

शेवटची गोष्ट बाबांची. त्यांना वाटतं, वांगं आणि कोहळं वाढलं तर व्याह्याकडचे म्हणतील की पोरीच्या लग्नात हात आखडला. त्यांना काय सांगू?

पंगतवाले (आर्वी)

भाऊ, मी आचारी आहे, वडिलांपासून हेच काम. तुमच्या बाबांचं आधी सांगतो, कारण तीच खरी अडचण आहे. पाहुण्याला हात आखडल्यासारखं केव्हा वाटतं? वांगं पाणचट रश्शात बुडवून वाढलं तर. तेच वांगं पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) जाळावर भाजून, वर फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, हिरवी मिरची, लसण, कांद्याची पात घालून गरम वाढा आणि सोबत मटक्यावरची लांब रोटी द्या. लोक पनीरचं नाव काढणार नाहीत. रोटीसाठी दोन-तीन बाया लागतील. त्यांना पंगतीच्या समोर बसवा, मागच्या अंगणात नको. रोटी हातावर फिरते ते पाहायलाच लोक गोळा होतात. आणि त्यांची मजुरी आचाऱ्याइतकी द्या, ते काम सोपं नाही.

मापं अशी धरा. डाळ तीस किलो, तांदूळ पन्नास-पंचावन्न. भरताला ऐंशी किलो वांगी घ्या, भाजून साल-देठ काढल्यावर वजन बरंच उतरतं. भरतासाठी मोठी, हिरवी, हाताला हलकी लागणारी वांगी निवडा. जड वांग्यात बिया फार. पाटवडीचा रस्सा ठेवा, बेसनाला घरचा हरभरा दळून घ्या.

आणि सांबारवडी ठेवाच. विदर्भातल्या लग्नात सांबारवडी नसेल तर मला चुकल्यासारखं वाटतं. माणशी दोन वड्या धरल्या तर तीसेक किलो निवडलेला सांबार लागतो. एक गुंठा पेरलात तर पुरून उरेल. पेरणी एकदम करू नका. १२ जानेवारीच्या आसपास एक वाफा, चार-पाच दिवसांनी दुसरा, परत चार-पाच दिवसांनी तिसरा. सांबार चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापणीला येतो. ऊन लवकर चढलं तर शेवटचा वाफा कोवळा सापडेल, थंडी लांबली तर पहिला. धने पेरण्याआधी चपलेखाली रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा, नाहीतर उगवण एकसारखी येत नाही. मेथीला महिना पुरतो, ती जानेवारीच्या शेवटी. कापणी लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे, ओल्या गोणपाटात. फ्रिजची गरज नाही.

घरी माल घेताना बाजार समितीचं काही आडवं येत नाही. आवाराबाहेरचा फळं-भाजीपाला २०१६ मध्येच सरकारनं नियमनमुक्त केला. शेतकऱ्याकडून थेट घ्या.

मृगबहार (वरूड)

दादा, मार्च म्हणजे मृग बहाराचं (पावसाच्या सुरुवातीला फुललेलं) संत्रं, बहिणीनं बरोबर वेळ साधली. आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना आलेल्या फुलांचं फळ, ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतो. तेव्हा रात्री पुरेशा थंड नसतात म्हणून साल हिरवट राहते आणि शहरातलं गिऱ्हाईक नाक मुरडतं, आत फळ चांगलं असलं तरी. मृगाचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, रंगानं भरलेलं, गोडीला जास्त. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये मानांकन मिळालं, पण ज्यानं मृगाचं फळ झाडाखाली उभं राहून खाल्लं त्याला कागद दाखवावा लागत नाही.

माझी बाग आहे तरी सांगते, माझ्याकडून घेऊ नका. तुमच्याच जिल्ह्यात कारंजा (घाडगे), आष्टी, आर्वीकडे संत्रा बागा आहेत. तिथल्या माणसाकडून घ्या, भाडंही वाचेल. फक्त आताच बोला. आमच्याकडे व्यापारी झाडावरच अख्खी बाग ठोक घेऊन टाकतो. एकदा सौदा झाला की बागवाल्याला चार कॅरेटही बाजूला काढता येत नाहीत. विसार देऊन चार-पाच झाडं राखून ठेवायला सांगा.

रसाबद्दल एक सांगते, ध्यानात ठेवा. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडू होतो. फळात दोष नसतो, रस काढल्यावर त्यातला एक घटक बदलून कडवटपणा येतो. म्हणून सकाळी पिंपभर रस काढून दुपारी वाटायचं मनात असेल तर ते काढून टाका. सहाशे पेल्यांना सव्वादोनशे किलो फळ लागेल आणि पाहुणा तोंड वाकडं करेल. त्यापेक्षा आल्याबरोबर सोललेल्या फोडी द्या, बिया काढायला पोरासोरांना बसवा. आणि निघताना प्रत्येकाच्या हातात दोन अख्खी संत्री. मधल्या आकाराचं फळ घ्या. बाजारात मोठ्याला भाव, पण गोडीला मधलं कमी नसतं, आणि बागवाल्याचा तोच माल अडून राहतो.

धानवाली (नागभीड, जि. चंद्रपूर)

तालुक्यात पिकत नाही म्हणून भात सोडू नका, शेजारच्या जिल्ह्याचा घ्या, तोही आपलाच. आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, थोड्याशा जमिनीचे शेतकरी. पटेल-३ च्या वाणात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी वेचून १९८३ पासून वाढवल्या आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. ते २०१८ मध्ये गेले. आज देशभर लोक एचएमटी खातात आणि त्यातल्या कितीतरी जणांना त्यांचं नावही माहीत नाही. तुमच्या मांडवात पानं वाढताना कुणीतरी माइकवर एवढं सांगितलं तर आमच्या गावाला फार आनंद होईल.

फक्त यंदाचा नवा तांदूळ घेऊ नका. दिवाळीच्या आगेमागे निघालेला धान मार्चमध्येही चिकट शिजतो, पंगतीत गोळा होतो. मागच्या सालचा जुना मागा. शेतकऱ्याच्या कोठीत असतो, भाव थोडा जास्त पडेल.

पुलगावची काकू

बाळा, सगळ्यांनी जेवणाचं सांगतलं, प्यायचं कोणी सांगतलं नाही. आता वावराच्या धुऱ्यावर अंबाडी फुलून बोंडाला आली असंल. त्याच्या लाल पाकळ्या आतापासून गोळा करून सावलीत वाळव, बी काढून टाकजो. मार्चमधी रात्री भिजव, सकाळी गाळून गूळ आन् थोडं सैंधव टाक. असा लाल रंग येते की बाटलीवाल्याचा काय येईन. गावातल्या बायांना वाळवायले दे आन् किलोनं पैसे दे, नुसतं मागून नेऊ नको.

जवसाची चटणी पानाच्या डाव्या बाजूले पाहिजेच. कोहळ्याची बोंडं कर, गोडाचं एक तरी घरचं पाहिजे. आन् तुया बाबाले सांग, व्याह्याचे लोक शहरातले असतीन तर त्यायले हेच खायचं असते. माह्या पोरीच्या लग्नात पुण्याचे पाहुणे पंगत उठल्यावर चटणी पुडीत बांधून मागत होते.

वणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना काकूंचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, बोंडं मी तळतो. म्हणजे झालं.

भावाचं असं ठरवलं. वांगीवाले काका आणि मेथीवाल्या वहिनी, दोघांसोबत ओट्यावर बसून बोललो. तोडणीच्या दिवशी हिंगणघाटला ठोक आणि किरकोळ काय चाललंय ते पाहायचं आणि मधला भाव द्यायचा. पण एक तळभावही आताच ठरवला, बाजार कोसळला तरी त्याच्या खाली जाणार नाही. आणि बाजार चढला तर त्यांना वाटेल ते करायची मोकळीक, आम्ही मधला भावच देऊ पण आग्रह धरणार नाही. काका म्हणाले, हमाली-गाडीभाडं वाचलं तेवढ्यातच माझं भागतं, तळभाव कशाला. मी तरी लिहून ठेवला. रोख पैसे माल उतरल्याबरोबर, लग्नाच्या धांदलीत उधारी राहिली की मागायला त्यांना संकोच होईल. सांबारासाठी आमच्याच विहिरीखालचा गुंठा मोकळा करतोय, पेरणी मात्र मेथीवाल्या वहिनीच करणार आणि तीनही वाफे त्यांच्याच नावे.

संत्र्यासाठी कारंजाला एका बागवाल्याशी फोनवर बोलणं झालं, रविवारी जाऊन विसार देतो. तांदळासाठी धानवाली ताईंना निरोप पाठवला आहे. दादाजींबद्दल माइकवर आमच्या शाळेचे गुरुजी बोलणार.

आता एकच राहिलं. मठ्ठा. डेअरीचं दही न आणता आपल्या भागातल्या गवळाऊ गाईंच्या दुधाचं करायचं मनात आहे. सहाशे पानांना किती दूध धरावं, आणि आर्वी-कारंजा पट्ट्यात आठ-दहा गवळाऊ राखणारं कुणी माहीत आहे का?

पंगतवाले (आर्वी)

मठ्ठ्याला पंचेचाळीस लिटर दुधाचं दही धरा, पाणी घालून पुरतं. पण गवळाऊ दूध कमी देते, एका घरून एवढं निघणार नाही. तीन-चार घरांचं मिळून घ्यावं लागेल आणि विरजण एकाच घरी लावावं, नाहीतर आंबटपणा वेगवेगळा येतो. आमच्या बाजूला दोघं ओळखीचे आहेत, अजून एक-दोन घरं पाहतो. रविवारी कारंजाला जाताना आर्वीवरून या, सोबतच जाऊ.